आर्थिंगचं पाणी

मशीन चावली तेव्हा धाकटीच्या हातात शिंप्याचा डबा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर गोष्ट गिरणीतल्या गिरणीत मिटली असती. पण शिंप्याच्या तोंडाला टाका घालणारा अजून जन्माला यायचा होता. धाकटीचं कोपर मशीनच्या लोखंडी सांगाड्याला लागलं, खांद्यापर्यंत सणक गेली, "आई गं!" म्हणून ती मागे कोलमडली, आणि डबा आपटून अर्धं पीठ जमिनीवर पडलं.

"झालं!" शिंपी म्हणाला. "आता पिठाबरोबर करंटही देता का? मोजून देता, की असाच वर घालता?"

रांगेतल्या बायका हसल्या. धाकटीही हसली. गिऱ्हाईक हसलं की गिरणीवालीला हसावंच लागतं. मग खाली बसून तिने वरवरचं स्वच्छ पीठ ओंजळीने उचललं, कमी पडलं तेवढं आपल्या घरच्या डब्यातलं घातलं, आणि डबा जमिनीवरूनच शिंप्याकडे सरकवला.

ऐन उन्हाळ्यात गेले काही दिवस हे पुन्हा रोजचंच झालं होतं. धाकटी दिवसभर एका लाकडी फळीवर उभी राहायची, पायात जाड रबरी चपला. फळीवरून उतरलं की पाय जमिनीला, आणि पाय जमिनीला लागलेला असताना मशीनला हात लागला की संपलंच. त्या फळीच्या लांबीएवढंच तिचं जग राहिलं होतं. तिथूनच हात लांब करून दळण घ्यायचं, वर चढवून मशीनच्या तोंडात ओतायचं, खालचं पीठ भरायचं, आणि तोंडाने मात्र अखंड चालू, "लोखंडाला हात लावू नका, डबा स्टुलावर ठेवा, अहो काकू, मागे व्हा!" संध्याकाळी पोटऱ्यांना गोळे यायचे.

मशीन का चावते हे गावात कुणालाही विचारलं असतं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं असतं. खरी गोष्ट अशी की मोटार जुनी झाली होती. आतल्या तारांवरचा लेप उष्णतेने तडकला होता, आणि करंट थोडा थोडा करून सांगाड्यात गळत होता. मोटार पुन्हा गुंडाळायला शहरात न्यायची तर गिरणी बंद ठेवावी लागणार, आणि गिऱ्हाईक एकदा पलीकडच्या गिरणीला लागलं की परत येत नाही. तशी ही गळती जुनीच. तिला वाट होती तोवर तिने कुणाला त्रास दिला नव्हता. सांगाड्याला एक जाड तार बांधलेली होती. ती भिंतीखालून मागच्या अंगणात जायची आणि तिथे जमिनीत खोल पुरलेल्या पाइपाला मिळायची. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं. हे झालं आर्थिंग. गळलेला करंट तारेतून खाली जातो आणि जमिनीत जिरतो. पण जमीन ओली असेल तर! कोरडी माती त्याला घेत नाही. मग जो कुणी हात लावेल त्याच्याच अंगातून तो वाट काढतो.

म्हणून सासरे होते तोवर उन्हाळाभर रोज सकाळी बादलीभर पाणी त्या खड्ड्यात जायचं. "आर्थिंगला पाणी पाजलं का?" हा त्यांचा उठल्या उठल्या पहिला प्रश्न, चहा त्याच्यानंतर. सासरे गेले आणि घराचे दोन तुकडे झाले. रस्त्याकडची गिरणी आणि बाजूची एक खोली धाकट्याला मिळाली, अंगण आणि अंगणापलीकडच्या खोल्या थोरल्याला. मधे पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. आणि आर्थिंगचा खड्डा राहिला भिंतीच्या पलीकडे.

यातली खरी गंमत अशी की थोरला दीर हाच गावचा वायरमन. गंमत म्हणायची आणि कपाळाला हात लावायचा! गावात एक घर नव्हतं जिथली वायर त्याच्या हातून ओढली गेली नव्हती. दवाखान्यात, शाळेत, लोकांच्या पंपांवर तो ओरडून सांगायचा, "आर्थिंगला पाणी घाला रे, मराल नाहीतर!" ही गिरणीही त्यानेच उभी केली होती. मोटार त्याने बसवली, स्टार्टर त्याने जोडला, तो खड्डा त्याने स्वतःच्या हाताने खणला. आणि वाटणीच्या वेळी बापाची इच्छा म्हणून गिरणी गेली धाकट्याला. हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. चार माणसांसमोर तो बोलून बसला होता, "माझ्या हातचं पाणी त्या खड्ड्यात पडायचं नाही, आणि त्यांचं पाऊल माझ्या अंगणात पडायचं नाही."

शिंप्याचं पीठ सांडलं त्या दुपारी धाकटीने नवऱ्याला पलीकडे पाठवलं. नवऱ्याला गाव घुम्या म्हणायचं. बायकोही मनातल्या मनात तेच म्हणायची. तो पोती वाहायचा, पट्टा घट्ट करायचा, जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावायचा, आणि दिवसाकाठी जेमतेम चार वाक्यं बोलायचा. तो रस्त्याने वळसा घालून गेला. गिरणीच्या मागच्या भिंतीत छपराजवळ एक झरोका होता. त्यातून पलीकडचं काही दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. धाकटीने मशीन थांबवली आणि कान लावला.

"दादा."

"बोल."

धाकटीला वाटलं, एवढंच बोलून आता हा परत येतो.

"मशीन चावते."

"मोटार गुंडाळून घे."

"घेईन, पाऊस झाला की. तोवर खड्ड्यात बादलीभर पाणी घालू दे. पाणी माझं, मेहनत माझी."

"आणि जागा?"

पलीकडे घुम्याच्या चपला मातीत घासल्याचा आवाज आला.

"आज बादली घेऊन येशील," वायरमन म्हणाला. "उद्या म्हणशील, दार उघडं ठेव, मला पाणी घालायला यायचंय. आणि आणखी काही वर्षांनी म्हणशील, इथे आमची वहिवाट आहे. मी वहिवाटी पाहिल्या नाहीत का? पायवाटेच्या वहिवाटीवरून सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे झालेत."

"मग तू घाल."

"मी बोललोय चार माणसांत. आता थुंकलेलं गिळू? तार तोडली नाही हेच खूप समज."

घुम्या परत आला, त्याने दारातलं एक पोतं उचलून दुसरीकडे ठेवलं, मग तेच पुन्हा पहिल्या जागी आणलं. सगळं धाकटीने ऐकलंच होतं.

"आपण आपला खड्डा खणू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोघं खोलीमागच्या बोळात खणायला लागली. वरची माती निघाली, मुरूम निघाला, आणि गुडघाभर खोलीवर पहार खणकन वाजली. घुम्याने पहार थोडी सरकवून मारली. पुन्हा खणकन. त्याने बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पहार वाजवून पाहिली. खाली सगळा कातळ होता. ऊन वर आलं, पहारीचं लोखंड तापलं, धाकटीच्या तळहातांना फोड आले आणि फुटले. शेवटी तेवढ्याच खड्ड्यात त्यांनी पाइप आडवा घातला, कोळसा, मीठ, माती लोटली, आणि घरात भांड्यांत पाणी होतं तेवढं ओतलं. मग घुम्याने होल्डरमध्ये बल्ब लावून एक तार फेजला धरली आणि दुसरी पाइपाला. आर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो, हे त्याला भावानेच शिकवलं होतं. बल्बमधली तार विझत आलेल्या विडीएवढी लाल झाली आणि तेवढीच राहिली.

"पेटला की!" धाकटी म्हणाली.

घुम्याने नाही म्हणून मान हलवली आणि बल्ब काढून घेतला.

मग त्याने आणखी एक उपाय केला. शहरातून ट्रिपर आणून बोर्डावर बसवला. कुठे गळती झाली की हे बटण आपोआप खाली पडतं आणि लाइट तोडतं. स्टार्टर दाबला, ट्रिपर पडला. वर केला, पुन्हा पडला. दारात दळणाची रांग, आणि ट्रिपर काही उभा राहायला तयार नाही. लोक कुरकुरायला लागले, दोघीतिघी डबे उचलून पलीकडच्या गिरणीकडे निघाल्या.

"खोटारडा आहे मेला," धाकटी म्हणाली. "काढा त्याला!"

घुम्याने ट्रिपरला बगल देऊन वायर सरळ जोडली आणि मशीन सुरू झाली. बिचारा ट्रिपर! त्या घरात खरं बोलणारा तेवढा एकच होता.

घराची वाटणी झाली तरी सासूची वाटणी कशी करायची? म्हणून ती आलटूनपालटून राहायची, महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे. आपलं गाठोडं घेऊन रस्त्याने वळसा घालायची, कारण भिंतीला दार ठेवलेलं नव्हतं. म्हातारीचा जीव गिरणीत होता हे कुणीही सांगितलं असतं. इकडे असली की ती दाराशी रिकाम्या पोत्यावर बसायची, हातात कुंचा, उडालेलं पीठ गोळा करत. पट्ट्याच्या आवाजावरून सांगायची, "सैल झालाय गं." तिच्या भुवयांवर पीठ बसायचं, आणि ते पुसायला गेलं की हात झटकायची.

या खेपेलाही ती इकडे आली होती, आणि त्यानंतर दोनचार दिवसांतच मशीन चावायला लागली होती. हा मेळ आधी कुणाच्या लक्षात आला नाही. लक्षात आणून दिलं शिंप्याने, दुसरं कोण?

"एक पाहिलंत का वहिनी?" दळण घेताना तो आवाज खाली आणून म्हणाला. "गेल्या महिन्यात म्हातारी तिकडे होती, तेव्हा मशीन गरीब गाय. आता इकडे आली, तर लाथा. त्याच्याआधीही असंच झालं होतं बघा."

"काहीतरीच बोलता," धाकटी म्हणाली. पण तिने मनात महिने मागे नेऊन पाहिले. मेल्याचं खरं होतं.

एकदा मनात किडा शिरला की तो थोडाच बाहेर येतो! सासू कुंचा घेऊन मशीनजवळ आली की धाकटी हातातलं काम सोडून तिच्यावर नजर ठेवायची. सासूने काही विचारलं तर ही तोडून बोलायची. म्हातारीला ते कळायचं, ती कुंचा घेऊन दाराकडे सरकायची. धाकटीला वाईटही वाटायचं आणि बरंही वाटायचं.

आणि मग सुतारणीचं झालं. सुतारीण पाण्याच्या रांगेतून थेट आलेली, अनवाणी, कपडे ओले. धाकटी पाठमोरी होती. सुतारणीने पीठ किती उरलं ते पाहायला खालच्या लोखंडी तोंडाला हात लावला आणि हात तिथेच चिकटला. ओरडलीही नाही ती. नुसती थडथड हलायला लागली, डोळे सताड उघडे. रांगेतली एक बाई तिला धरायला धावली.

"हात लावू नका तिला!" धाकटी किंचाळली आणि फळीवरून उडी मारून तिने मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

सुतारीण जमिनीवर बसली. कितीतरी वेळ तिला बोलता येईना. तळहातावर पांढरा चट्टा उठला होता. घुम्याने तिला दवाखान्यात नेलं. थोड्या वेळाने निरोप आला की ठीक आहे, जिवाची भीती नाही. तोवर धाकटी स्विचपाशी तशीच उभी होती. बाई मेली असती, माझ्या दारात मेली असती, एवढंच डोक्यात. आणि तेवढ्यात म्हातारी कुंचा घेऊन पुढे आली, सांडलेलं पीठ झाडायला.

"आई, राहू द्या ते!" धाकटीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तुम्ही तिकडे असता तेव्हा कुणाला काही होत नाही. तुम्ही आलात की मशीन चावते. तुमचा पायच असा... तुम्ही तिकडेच का राहत नाही?"

बोलून झालं आणि तिला वाटलं, जीभ का नाही झडली आपली. पण दारात बायका होत्या, आणि बायका माना डोलवत होत्या.

सासूने कुंचा खिळ्याला अडकवला. "जाते," एवढंच म्हणाली. गाठोडं बांधायला तिला फारसा वेळ लागला नाही. भर उन्हात ती रस्त्याने वळसा घालून गेली.

संध्याकाळी घुम्याने विचारलं, "आई?"

"तिकडे गेल्या."

"महिना झाला नाही अजून."

धाकटीने त्याचं ताट पुढे सरकवलं. तो ताटावर बसला आणि न जेवता उठला.

आणि काय सांगावं, दोनतीन दिवसांत मशीन शांत झाली! धाकटीने आधी हाताची मागची बाजू लावून पाहिली. तशी लावली म्हणजे धक्का बसला तरी हात चिकटत नाही, उडून बाजूला होतो. मुंगीसुद्धा नाही. मग तळहात लावला. नुसती थरथर, ती तर चालत्या मशीनची. गिऱ्हाईक परत आलं. सुतारीणही आली, हाताला पट्टी बांधून. शिंपी प्रत्येकाला सांगत सुटला, "मी म्हणालो नव्हतो?" धाकटी फळीवरून उतरून जमिनीवर उभी राहायला लागली. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या. खिळ्यावरच्या कुंच्याकडे मात्र ती पाहायची नाही.

उन्हाळा पुढे सरकला तसं पाणी आणखी कमी झालं. टँकर येईल तेव्हा येईल, आणि आला की घरटी ठरलेल्या घागरी. एक दिवस झरोक्यातून थोरली जाऊ सासूला बोलताना ऐकू आली.

"रोज बादलीभर पाण्याची अंघोळ! इथे घशाला कोरड पडलीय, आणि तुम्हाला अंगणात बसून अंघोळ हवी? अंग पुसून घ्या. उद्यापासून एक तांब्या सकाळी, एक संध्याकाळी. प्या, नाहीतर डोक्यावर ओता!"

बरोबरच बोलतेय जाऊबाई, असं धाकटीला वाटलं. तिच्याही घरात पाण्याचा थेंब थेंब जपून चालला होता. दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावताना बोटांना जराशा मुंग्या आल्या. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा काही नाही. तिने फार विचार केला नाही.

मग एका सकाळी पिठाच्या धुळीने झरोका पार बुजला म्हणून ती पोत्यांची चळत रचून वर चढली. मशीन चालू होती, खाली शिंपी आपल्या दळणाची वाट पाहत होता. तिने फडक्याने जाळी पुसली आणि पलीकडचं अंगण, वाटणीनंतर पहिल्यांदाच, तिला दिसलं.

सासू खड्ड्यापाशी उकिडवी बसली होती. बाजूला अंघोळीचा दगड, कोरडा ठणठणीत. म्हणजे म्हातारी अंघोळीला बसायची ती इथे, खड्ड्याला टेकून! तिने मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं. मग खड्ड्यावरची फरशी सरकवली, तांब्यात दोन बोटं बुडवली, ती ओठांवरून फिरवली, आणि उरलेलं सगळं पाणी पाइपाच्या तोंडात ओतलं. सावकाश, एक थेंब बाहेर जाऊ न देता. तांब्या उपडा करून झटकला. ओठ फुटून त्यांवर काळ्या रेघा पडल्या होत्या. हातांची कातडी सैल लोंबत होती. एका महिन्यात म्हातारी निम्मी झाली होती.

धाकटीला आधी काही कळलं नाही. आणि मग सगळं एकदम कळलं. सासू तिकडे असली की मशीन शांत का, सासू इकडे आली की का चावते. पाय! कसला पाय? अंघोळीचं पाणी होतं ते, आणि आता तर पिण्याचं. आणि आपण तिला चारचौघींत काय बोललो! पोत्यांवरून घाईने उतरताना तिचा पाय घसरला.

तिने मेन स्विच खाली ओढला. मागून कुणी चालू करू नये म्हणून तिन्ही फ्यूज उपसून मुठीत घेतले.

"काय झालं?" शिंपी म्हणाला.

"लाइट गेली."

"गेली कुठे? समोर दुकानात पंखा फिरतोय!"

तिने ऐकलं नाही. घरातली पाण्याची कळशी कमरेवर घेतली, त्या दिवसाचं सगळं पाणी तेवढंच होतं, आणि रस्त्याने वळसा घालून ती थोरल्याच्या दारात उभी राहिली. जाऊ धान्य निवडत होती. तिला पाहून जाऊ उभीच राहिली.

"तू? इथे?"

"आईंना पाणी आणलंय." आणि ती आत शिरली.

अंगणात वायरमन जुन्या वायरींची साल काढत बसला होता. तिला पाहून त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. म्हातारी खड्ड्यापाशीच होती.

"मशीन का थांबली गं?" तिने विचारलं. भिंतीपलीकडची घरघर बंद झालेली तिला आधी कळली होती, सून आलेली नंतर. "पट्टा तुटला का?"

"आई, प्या आधी." धाकटीने कळशीतून तांब्या भरून पुढे केला.

"पिते." म्हातारीने तांब्या घेतला, ओठांना लावल्यासारखा केला, आणि धाकटी हात पुढे करेपर्यंत पाइपात ओतून मोकळी झाली.

धाकटीला रडू फुटलं. "का? मला सांगायचं ना! मी तुम्हाला एवढं बोलले, तेव्हा तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस होय? तुझ्या तोंडाला कडी आहे का?" म्हातारी चिडून म्हणाली. "तू भांडायला आली असतीस, ह्याने खड्डा बुजवला असता, आणि ती सुतारीण परत चिकटली असती. त्यांनी जाताना मला एवढंच सांगितलं होतं, आर्थिंगला पाणी पाज."

"चला घरी. आत्ता चला. मशीन बंद ठेवीन मी."

"आणि खाशील काय? दगड?"

धाकटी दिराकडे वळली.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"आर्थिंग मी खणलंय," वायरमन खाली पाहत म्हणाला. "पाणी कधी पडतं आणि कधी नाही, मला कळणार नाही?"

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"बघत नव्हतो. बघितलं असतं तर थांबवावं लागलं असतं." त्याने सुरी वायरीवरून ओढली. "तांब्या मीच बदलला तिचा. पहिला लहान होता."

"तुम्ही बदलला?" दारातून थोरली म्हणाली. "आणि मी आपली शोधतेय घरभर!"

"मी घालते ना पाणी," धाकटी म्हणाली. "माझ्या वाटणीचं. रोज येईन, घालून जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही. कुठे म्हणाल तिथे लिहून देते."

"नाही." तो पहिल्यांदा तिच्याकडे पाहून बोलला. "आज तू लिहून देशील, उद्या तुझी मुलं ते फाडतील. परक्याचं पाणी रोज पडलं की वहिवाट होते. आईची होत नाही. आई दोन्हीकडची आहे. ती काय करते ते मला कुणी विचारू शकत नाही, आणि तुलाही." मग आवाज उतरला. "तिला प्यायला काय द्यायचं ते दे. दारात आणून दे. ती कुठे ओतते ते मी विचारणार नाही."

एवढं बोलून तो पुन्हा वायर सोलायला लागला. गावभर लोकांचे जीव वाचवत फिरणारा माणूस, आणि स्वतःच्या शब्दात असा अडकलेला, की धाकटीला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"आई, पाऊस पडेपर्यंत तरी चला," ती अजिजीने म्हणाली. "पोत्यावर बसा दारात. कुंचा तसाच आहे खिळ्याला."

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने भिंतीकडे पाहिलं, पलीकडे गिरणी होती तिकडे. "पाऊस पडला की येईन," ती म्हणाली. "आता तिकडे आले तर इथे कोण घालेल? जा तू. लोकांची दळणं खोळंबलीत."

धाकटी परतली. मुठीत आवळलेल्या फ्यूजांच्या कडा तळहातात रुतल्या होत्या. ते तिने एकेक करून जागेवर बसवले आणि दांडा वर केला.

तेव्हापासून रोज सकाळी ती तांब्या भरून थोरल्याच्या दारात नेते. तिच्या आणि घुम्याच्या पिण्यातलंच काढलेलं असतं ते. घुम्या काही बोलत नाही, पण आपलं भांडं हल्ली अर्धंच भरतो. म्हातारी उंबऱ्याशी येऊन तांब्या घेते.

"पिता ना?" धाकटी विचारते.

"पिते की," म्हातारी म्हणते. ओठ दिसतात तसेच दिसतात.

परत येऊन धाकटी स्टार्टर दाबते. मशीनने वेग घेतला की हाताची मागची बाजू सांगाड्याला टेकवते आणि वाट पाहते. आज तरी मुंगी यावी, आज तरी थोडं झोंबावं, म्हणजे म्हातारीने घोटभर तरी घशाखाली घातलं असं होईल. पूर्वी ज्या चाव्याला ती दिवसभर भ्यायची, तो आता तिला हवा असतो. "चाव की गं," ती पुटपुटते. "एकदा चाव." पट्टा फिरत असतो, त्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. लोखंड गप्प असतं.

"काय वहिनी," शिंपी रांगेतून म्हणतो, "शेवटी माणसाळली की तुमची मशीन!"

रांगेतल्या बायका हसतात. धाकटीही हसते, आणि हात पुढे करून त्याचा डबा घेते.